सिनेमात आजारी माणूस आणि त्याचं करणारं माणूस: खरं वाटेल असं कुठे बघितलंय?

जागरण :
प्रश्न सिनेमाचा आहे म्हणून इथे टाकतेय, अ‍ॅडमिनना वाटलं तर आरोग्य विभागात हलवा.

सिनेमात एक अंथरुणाला खिळलेलं माणूस आणि त्याचं करणारं दुसरं माणूस अशी जोडी आली की आता मला सुरुवातीलाच कळायला लागलंय पुढे काय होणार ते. करणारी बाई (बाईच असते बहुतेक) एक तर साक्षात देवी, कपाळाला आठी नाही, केस जागच्या जागी, रात्री तीनला हाक आली तरी हसून उठणारी, नाही तर मग थेट दुसरं टोक, इस्टेटीवर डोळा ठेवून गोळ्या बदलणारी. आणि ज्याचं करायचं तो एक तर गोड म्हातारा, मधूनच काहीतरी शहाणपणाचं बोलून सगळ्यांना रडवणारा, नाही तर खिडकीशी खुर्चीत ठेवलेलं सामान. मधलं काहीच नाही का?

मी सासूबाईंचं करते. पार्किन्सन आहे, आता विसरायलाही लागल्यात. सहानुभूतीसाठी सांगत नाहीये, एवढ्यासाठीच की हल्ली सिनेमा बघताना माझं लक्ष भलतीकडेच जातं. हिरॉइन बाबांना भरवतेय तर मी बघते की त्यांना नीट बसवलंय का, मान अशी मागे टाकून भरवलं तर ठसका लागेल की हो. इतकी वर्षं अंथरुणात असलेल्या माणसाची चादर कशी काय एवढी पांढरी? डायपर कोण बदलतंय? एका गाण्यात सहा महिने उडून जातात आणि आमच्याकडे दुपारी तीन ते पाच हे दोन तासच संपता संपत नाहीत.

आणि चिडचिड. सिनेमात ती नसते असं नाही, पण लगेच फेडली जाते, म्हणजे मुलगी ओरडते, मग व्हायोलिन वाजतं, मग ती रडत येऊन मिठी मारते, झालं. खऱ्यात तुम्ही ओरडता आणि पाच मिनिटांनी समोरच्याला ते आठवतही नसतं त्यामुळे माफी मागायचीही सोय नाही आणि उरलेलं भरवायचं तसंच बाकी असतं.

'पिकू' मला आवडतो (२०१५ चा, दीपिका आणि अमिताभ) कारण त्यात ती बापावर सरळ खेकसते आणि सिनेमा तिला त्याची शिक्षा देत नाही. बद्धकोष्ठावर एवढी चर्चा पडद्यावर झाली हेही आवडलं. पण तिथे तो म्हातारा चालता-फिरता आहे, भांडतोय, माणसं ओळखतोय. त्याच्या पुढचं कुणी दाखवलंय का? मराठी, हिंदी, परदेशी काहीही चालेल. आणि दुसरं म्हणजे हे सिनेमे बनवतात कुणासाठी, ज्यांनी हे केलंय त्यांच्यासाठी की ज्यांच्यावर कधी वेळच आली नाही त्यांच्यासाठी?

फिरकी :
छान धागा. मोठा प्रतिसाद होणार आहे आणि स्पॉयलर आहेत, ज्यांना चालत नाहीत त्यांनी पुढे जा.

पहिलं नाव अर्थातच 'आमूर', २०१२, दिग्दर्शक मिखाएल हानेके. कान महोत्सवात पाम दोर (तिथलं सगळ्यात मोठं पारितोषिक), नंतर परभाषी चित्रपटाचं ऑस्कर. ऐंशीच्या घरातलं जोडपं, दोघं संगीत शिकवणारे, तिला पक्षाघात होतो आणि नवरा तिचं करतो, बस एवढंच. जवळजवळ सगळा सिनेमा त्या एका फ्लॅटमध्ये. तुम्ही चिडचिड म्हणालात ना, त्यात एक प्रसंग आहे, तो तिला पाणी पाजायला बघतोय, ती तोंड उघडत नाही, शेवटी थुंकते आणि तो तिच्या थोबाडीत मारतो. म्हणजे तोपर्यंत ज्याला आपण जगातला सगळ्यात शांत माणूस समजत होतो तो. नंतर मिठी नाही, व्हायोलिन नाही (घरात संगीतकार असूनसुद्धा!). शेवट तर असा आहे की तो इथे सांगत नाही, पण ज्यांच्या घरी आत्ता हे चालू आहे त्यांनी विचार करून बघा.

दुसरं 'अ सेपरेशन', असगर फरहादींचा इराणी सिनेमा, २०११. सगळे त्याला घटस्फोटाचा सिनेमा म्हणतात पण माझ्या मते पगारी केअरटेकरवरचा इतका चांगला सिनेमा दुसरा नाही. बायको घर सोडून गेली म्हणून नवरा अल्झायमर झालेल्या बापासाठी एक बाई ठेवतो. बाई स्वतः गरोदर, नवऱ्याला न सांगता कामाला आलेली, लांबून बसने येते, छोटी मुलगी बरोबर. पहिल्याच दिवशी म्हातारा कपडे ओले करतो आणि आता परपुरुषाला हात लावायचा की नाही हे विचारायला ती धर्माबद्दल सल्ला देणाऱ्या फोनवर कॉल करते, इकडे म्हातारा तसाच उभा. त्या एका प्रसंगात श्रद्धा, गरिबी, शरीर, लाज सगळं आहे आणि कुणी भाषण ठोकत नाही. पुढे ती त्याला पलंगाला बांधून बाहेर जाते. का जाते ते बघा. तुम्ही जे मधलं शोधताय ना ते हे, ती देवी नाही आणि राक्षसीण तर नाहीच नाही.

आता एक निरीक्षण, पटतंय का सांगा. नवऱ्याने बायकोचं केलं की त्याच्यावर सिनेमा निघतो. 'आमूर' घ्या, 'अवे फ्रॉम हर' (२००६) घ्या, 'आयरिस' (२००१) घ्या ज्यात बायकोचं करणाऱ्या नवऱ्याच्या भूमिकेसाठी जिम ब्रॉडबेंटला ऑस्कर मिळालं. बायको, मुलगी, सून करत असेल तर ते घरातलं रोजचं काम, त्यात कथा कुठे आहे, मग त्या मुलीला एखादा हिरो द्यावा लागतो, 'पिकू'त इरफान खान टॅक्सी घेऊन यावा लागतो. तमिळ 'पेरन्बु' मला खूप आवडला, मामूट्टीने सेरेब्रल पाल्सी (मेंदूतल्या दोषामुळे हालचालींवर ताबा नसणं) असलेल्या मुलीचा बाप केलाय, मुलगी वयात येते आणि तिचं पॅड बदलायचं कसं या प्रश्नाशी हा पुरुष झगडतो, असलं दाखवायला हिंमत लागते. पण आठवा, तो परदेशात नोकरीला होता तेव्हा इतकी वर्षं एकटीने सगळं करणारी त्याची बायको सुरुवातीलाच निघून गेलेली असते. तिने जे केलं त्याच्यावर सिनेमा नाही. बापाने करायला घेतलं तिथून सुरू.

तिरकस :
एवढं काय मनावर घ्यायचं. सिनेमा आहे तो, ट्रेनिंग व्हिडिओ नाही. पोलिसांच्या सिनेमात पंचनाम्याचे फॉर्म भरताना दाखवत नाहीत आणि वकिलांच्या सिनेमात तारखेवर तारीख घेऊन तीन तास बाकावर बसलेला अशील दाखवत नाहीत, मग इथेच डायपर का हवा? ज्या माणसाने दिवसभर हेच केलंय त्याला रात्री पडद्यावर परत तेच बघायचंय? माझी आई आजीचं करायची आणि रात्री मारधाडीचे सिनेमे लावायची, मजेत.

फिरकी, 'आमूर' मी अर्ध्यात बंद केला. भारी आहे, मान्य, पण कुणाला सुचवायच्या आधी दहा वेळा विचार करा.

नाइटशिफ्ट :
मी नर्स आहे. आधी हॉस्पिटलला होते, आता होमकेअर. सिनेमे कमी बघते, पण इथे बोलायलाच पाहिजे.

तिरकस, फरक आहे. पंचनाम्याचा फॉर्म दाखवला नाही म्हणून कुणाचं नुकसान होत नाही. पेशंट घरी आणतात तेव्हा नातेवाइकांच्या डोक्यात सिनेमा असतो. कोमातला पेशंट म्हणजे छान झोपलेला, दाढी केलेली, नळी नाही, ट्यूब नाही, आणि एक दिवस बोट हलतं, डोळे उघडतो आणि बायकोचं नाव घेतो. मग मी रोज ऐकते, सिस्टर आज बोट हललं, आता उठतील ना? त्यांना काय सांगायचं. यावर अभ्याससुद्धा झालाय, २००६ साली 'न्यूरॉलॉजी' या जर्नलमध्ये आला होता, कोमा दाखवणारे ३० सिनेमे तपासले तर फक्त २ ठीकठाक निघाले. बाकी सगळीकडे पेशंट देखणे आणि तब्येतीने एकदम फिट. हातपाय आखडत नाहीत, बेडसोर (पडून पडून होणाऱ्या जखमा) नाही. बेडसोर होऊ नये म्हणून दर दोन तासांनी कूस बदलायची असते, दिवसाही आणि रात्रीही, हे सिनेमा बघून कुणाला कळणार?

'ऑक्टोबर' त्यातल्या त्यात बरा वाटला, २०१८ चा, वरुण धवनवाला. पडून कोमात गेलेली मुलगी आणि तिला बघायला येणारा तिच्याबरोबर काम करणारा मुलगा. मुलीचे केस गेलेत, घशात नळी आहे, चेहरा सुजलाय, आयसीयू आयसीयूसारखं दिसतं. काका येऊन मशीन काढायचं बोलतो तेही खरं, असा काका प्रत्येक पेशंटला असतो आणि तो वाईट नसतो, बिलं बघून बोलत असतो. फक्त त्यात तो मुलगा वेळ मिळेल तसा येऊन बसतो आणि सगळ्यांना तोच आठवतो. आई नोकरी करून, बाकीच्या मुलांना बघून तिथेच असते. ती गीतांजली राव. तिच्याबद्दल कुणी बोलत नाही.

आणि आमच्याबद्दल म्हणाल तर आम्ही सिनेमात दोनच प्रकारच्या. वेड्या किंवा प्रेमात पडलेल्या. 'वन फ्लू ओव्हर द ककूज नेस्ट'मधली नर्स रॅचेड, 'मिझरी'मधली ती हातोडावाली, दोघींना ऑस्कर. आमच्याकडे 'खामोशी', १९६९, वहिदा रेहमान. तिथे डॉक्टरच सांगतो की पेशंटवर प्रेम असल्याचं नाटक कर म्हणजे तो बरा होईल. होतो बरा आणि जातो निघून. मग दुसरा पेशंट, परत तेच. शेवटी तिचंच डोकं फिरतं आणि तिलाच दाखल करतात. उपचार म्हणून ते सगळं अशक्य आहे, आज कुणी असं केलं तर लायसन्स जाईल. पण नर्स थकते आणि तिला विचारणारं कुणी नसतं, हे १९६९ साली दाखवलं होतं हे मानायला पाहिजे.

'आमूर'मध्ये पण एक नर्स आहे ना, आजींचे केस खसाखसा विंचरून तोंडासमोर आरसा धरते आणि आजोबा तिला काढून टाकतात, वर सांगतात की तुझ्यावरही अशीच वेळ येऊ दे. ती चुकलीच, पेशंटशी असं वागायचं नाही, विषय संपला. पण ती त्या दिवशी कितव्या घरात आली होती, कुठून आली होती, ते काही नाही. दोन मिनिटांत येते, वाईट ठरते, जाते.

चाकावरचा :
सगळे करणाऱ्यांबद्दल बोलतायत, आता ज्याचं करतात त्याच्याकडून ऐका. मानेत इंजुरी, हात अर्धवट चालतात, हे मी फोनला बोलून टाइप करतोय त्यामुळे शुद्धलेखन फोनचं.

आमच्या जमातीसाठी सिनेमावाल्यांकडे एकच कथा आहे. माणूस देखणा, श्रीमंत, मोठं घर, अपघात होतो, आणि मग दोन तास तो मरायची परवानगी मागतो. 'गुजारिश' (२०१०), 'मी बिफोर यू' (२०१६), स्पॅनिश 'द सी इनसाइड' (२००४). शेवटचा खऱ्या माणसावर आहे, रामोन साम्पेद्रो, त्याने खरंच बरीच वर्षं कोर्टात लढा दिला होता, तो आदर ठेवूनच बोलतो. त्यात त्याची वहिनी त्याचं सगळं करते आणि ती कुठेही देवी वाटत नाही, कामाची बाई वाटते, तेवढं मला फार आवडलं. पण 'मी बिफोर यू' लागला तेव्हा अपंग लोकांनी निषेध केला होता आणि मला तो शंभर टक्के पटतो. म्हणजे बघा, पैसा आहे, किल्ला आहे, प्रेम करणारी मुलगी आहे, तरी हा म्हणतो मेलेलं बरं. मग माझ्याकडे तर किल्लासुद्धा नाही, मी काय करायचं?

'गुजारिश'मध्ये ऐश्वर्या बारा वर्षं त्याचं करते, एकटी, सुट्टी नाही, लांब ड्रेस आणि लाल लिपस्टिक लावून. मला एका माणसाला व्हीलचेअरवरून पलंगावर घ्यायला कधी कधी दोघं लागतात.

पण मुख्य मुद्दा वेगळाच आहे आणि तो मी एकाही सिनेमात धड बघितला नाही. स्वतःचं करून घेणं हे पण काम आहे हो. नवीन माणूस आला की त्याला पहिल्यापासून शिकवायचं, इथे धर, इथे धरू नको, आधी ब्रेक लाव मग उचल, कॅथेटरची (लघवीच्या नळीची) पिशवी पायाखाली येईल. त्याचा मूड सांभाळायचा. त्याच्या घरचं ऐकायचं. खाज सुटली तर आत्ता सांगू की तो बसलाय तर पाच मिनिटं थांबू याचा हिशेब करायचा. दिवसातून किती वेळा थँक्यू म्हणायचं याचा पण हिशेब असतो, कमी झालं तर माजलाय, जास्त झालं तर केविलवाणा. चिडायचा हक्क करणाऱ्याला आहे, जागरण ताई, मी नाही म्हणत नाही, पण मी चिडलो तर संध्याकाळी मला कूस कोण वळवणार? त्यामुळे माझी चिडचिड मी गिळतो. यावर सिनेमा काढा की कुणीतरी.

'द इन्टचेबल्स' (२०११, फ्रेंच, आपल्याकडे तेलुगूत 'ऊपिरी' आला, नागार्जुन आणि कार्ती) त्यातल्या त्यात जवळ येतो. तो श्रीमंत माणूस शिकलेले, सर्टिफिकेटवाले उमेदवार सोडून या उडाणटप्पूला ठेवतो कारण हा दया दाखवत नाही. हा पठ्ठ्या त्याच्या पायावर गरम चहा ओतून बघतो की खरंच काही कळत नाही का! डॉक्टर लोकांना हा सीन बघून घाम फुटतो, भाजतं ना राव, कळलं नाही तरी भाजतं. पण मी हसलो, खूप हसलो. मूळ माणूस फिलिप पोत्झो दी बोर्गो, १९९३ मध्ये पॅराग्लायडिंग करताना पडला आणि २०२३ मध्ये गेला. म्हणजे अपघातानंतर तीस वर्षं जगला. सिनेमावाल्यांनी हा आकडा वहीत लिहून ठेवावा.

अजून एक. आमची कामं धडधाकट नट करतात आणि अ‍ॅवॉर्ड घेऊन उठून चालत जातात. मराठीत 'यलो' (२०१४) मध्ये डाउन सिंड्रोम असलेल्या गौरी गाडगीळने स्वतःचीच भूमिका केली आणि काही बिघडलं नाही, उलट तिची आई-मुलगी जोडी खरी वाटते कारण समोरची मुलगी प्रत्येक वेळी आईचं ऐकेलच असं नाही. 'कोडा'मध्येही (२०२१) बहिऱ्या कुटुंबात तिघे बहिरे नट घेतले आणि ट्रॉय कोत्सुरला ऑस्कर मिळालं. तो ज्या फ्रेंच सिनेमावरून बनवला त्यात आईबाप ऐकू येणारे नट होते.

कावळा :
चाकावरचा यांचा प्रतिसाद वाचून गप्पच झालो.

अवांतर: 'व्हेंटिलेटर' (२०१६) कुणी घेतला नाही अजून. त्यात पेशंट आत आणि अख्खा सिनेमा बाहेरच्या बाकांवर, भाऊबंद, राजकारण, कोण किती रडलं. पेशंट माणूस म्हणून फारसा नाहीच, पण आयसीयूच्या बाहेर एकदा बसलेल्याला पटतं की असंच असतं.

जागरण :
एवढे प्रतिसाद येतील असं वाटलं नव्हतं, सगळ्यांचे आभार.

चाकावरचा, तुमचा तो थँक्यूचा हिशेब वाचला आणि आठवलं की सासूबाई पूर्वी प्रत्येक गोष्टीला "बरं झालं गं" म्हणायच्या आणि मला ते गोड वाटायचं, हल्ली म्हणत नाहीत. त्या विसरल्या असं मी धरून चालले होते, पण असंही असेल की आता त्यांना तेवढा हिशेब ठेवायची गरज वाटत नाही. माहीत नाही, पण विचारात पाडलंत.

तिरकस, तुमच्या आईचं पटतं, मीही रोज रात्री 'आमूर' बघणार नाहीये. पण मारधाडीच्या सिनेमात मला कुणी सांगत नाही की मी कशी वागायला हवी. या सिनेमांमधून मात्र पाहुणे शिकून येतात. येतात, बसतात, सासूबाईंचा हात हातात घेतात, डोळ्यात पाणी आणतात, आणि मी आतून औषधं घेऊन आले की माझ्याकडे असं बघतात की ही एवढी कोरडी कशी.

'अस्तु' बद्दल कुणीच लिहिलं नाही म्हणून मीच विचारते. मोहन आगाशे संस्कृतचे प्राध्यापक, अल्झायमर, मुलगी त्यांना गाडीत बसवून जरा दुकानात जाते आणि ते हत्तीच्या मागे निघून जातात. माहुताची बायको, अमृता सुभाष, त्यांना लेकरासारखं सांभाळते. रडले मी, खोटं कशाला बोलू. पण नंतर चडफडले की एक दिवस कुणाचंही लेकरासारखं करता येतं हो! मुलगी रोज करते, तिच्या वाट्याला फक्त अपराधी वाटणं. हे मलाच खटकलं का?

फिरकी :
तुम्हालाच नाही. पण मला वाटतं सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांना ते माहीत होतं. इरावती हर्षेची मुलगी सिनेमाभर स्वतःला तपासत असते, आपण त्यांना गाडीत ठेवून गेलो ते नकळत की दोन मिनिटं सुटका हवी होती म्हणून, आणि दिग्दर्शक तिला दोषी ठरवत नाहीत. चन्नम्माला, म्हणजे त्या माहुताच्या बायकोला, हे सोपं जातं कारण तिच्यासाठी तो माणूस आधी कोण होता हे ओझं नाही. प्राध्यापक होता, विद्वान होता, बाप होता हे तिला माहीतच नाही, तिच्यासमोर एक घाबरलेलं म्हातारं माणूस आहे आणि त्याला भूक लागलीय. मुलीला रोज आधीचा बाप आठवतो आणि समोर हा. त्यामुळे मी तो सिनेमा "बघा ही गरीब बाई किती मायाळू" असा नाही वाचला. अमृता सुभाषला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला त्याच्यासाठी, त्यामुळे सगळी चर्चा चन्नम्माची झाली हे खरं. याच जोडीचा 'देवराई' (२००४) पण बघा, स्किझोफ्रेनिया असलेला भाऊ अतुल कुलकर्णी आणि त्याला आपल्या संसारात घेऊन आलेली बहीण सोनाली कुलकर्णी. बहिणीच्या घरात जो ताण येतो तो नीट दाखवलाय.

कॅमेरा कुणाच्या बाजूला बसलाय हा खरा प्रश्न आहे. 'द फादर' (२०२०, फ्लोरियान झेलर, अँथनी हॉपकिन्सला ऑस्कर) म्हाताऱ्याच्या डोक्यात बसतो, घरातलं फर्निचर बदलतं, मुलगीच दुसरी नटी होऊन येते, आपल्यालाही कळेनासं होतं की कोण खरं बोलतंय. पण मध्येच एक क्षण मुलीचा आहे, झोपलेल्या बापाचा गळा दाबायचा विचार तिच्या मनात येऊन जातो. फक्त येऊन जातो. आणि गास्पार नोएच्या 'व्होर्टेक्स'मध्ये (२०२१) तर सरळ पडदाच दोन भागांत, जवळजवळ पूर्ण वेळ. एका चौकटीत ती, जिला स्मृतिभ्रंश झालाय, दुसऱ्या चौकटीत नवरा. एकाच घरात, एकाच पलंगावर असतात तरी मध्ये ती काळी रेघ. तो पुस्तक लिहितोय आणि ती आवरायच्या भरात त्याचे कागद टाकून देते. दुपारचे ते दोन तास संपत नाहीत म्हणालात ना, ते तिथे आहेत, खरंच संपत नाहीत. कंटाळा येतो बघताना. येऊ दे.

तिरकस :
बरं, माघार नाही पण अर्धा सहमत. पाहुण्यांचं लॉजिक पटलं. तरी मला हसवणारा सिनेमा जास्त उपयोगाचा वाटतो. 'इन्टचेबल्स'ने लोकांना जेवढं शिकवलं तेवढं 'आमूर'ने नाही शिकवलं कारण 'आमूर' बघितलाच कितीजणांनी?

चाकावरचा, 'मार्गारिटा विथ अ स्ट्रॉ' (सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलीवरचा) कसा वाटला? तुमच्या यादीत नाही.

चाकावरचा :
राहिला. कल्की केकलांचा अभिनय चांगला आहे पण परत तेच, धडधाकट नटी. तरी आवडला कारण त्यात मुलीला स्वतःच्या इच्छा आहेत, शरीराच्या पण. रेवतीची आई जवळपास परफेक्ट, केस धुते, भांडते, लॅपटॉपवर काय बघतेस म्हणून नको तिथे डोकावते आणि मुलगी संतापते. हे खरं दुखणं आहे, करणाऱ्याला वाटतं आपण अंग पुसतो म्हणजे लॅपटॉप पण आपलाच. मग आईच आजारी पडते आणि पारडं फिरतं. चांगला आहे, बघा.

आणि नाइटशिफ्ट, तुमच्यासाठी 'पिकू'तला बुधन. आठवतोय का? म्हाताऱ्याची ती कमोडची खुर्ची सांभाळणारा नोकर. कोलकात्यापर्यंत सगळ्या प्रवासात गाडीत आहे. सगळं जग म्हणतं तो बाप-मुलीचा सिनेमा, अरे गाडीत अजून एक माणूस बसलाय!

नाइटशिफ्ट :
आठवतोय. त्याच्या झोपेचा विचार मी सिनेमागृहातच केला होता.

आमच्या लाइनमधल्या एकीने 'क्रॉनिक' नावाचा सिनेमा दाखवला होता, २०१५ चा, टिम रॉथ. मरणाच्या जवळ असलेल्या पेशंटचं घरी जाऊन करणारा पुरुष नर्स. आंघोळ घालणं, पुसणं, उचलणं, सगळं न कापता दाखवतात, संगीत नाही. हात बरोबर चालतात त्याचे, शिकलेला वाटतो. पेशंट गेल्यावर तो बाहेर एका अनोळखी माणसाला सांगतो की माझी बायको गेली. लोकांना ते विचित्र वाटलं, मला नाही वाटलं. महिनोन्महिने एखाद्याचं अंग पुसल्यावर तो गेला तर आम्ही रडायचं कुठे, नातेवाईक तर आम्ही नाही. पुढे एका पेशंटचे घरचे त्याच्यावर नको ते आरोप करतात, कारण तो फार जवळ गेला. ही भीती आम्हाला रोज असते, पुरुष नर्सना तर फारच. तो पण देव नाहीये, पुढे चुकीच्या गोष्टी करतो. शेवट मला आवडला नाही, उगाच धक्का दिलाय.

जागरण ताई, एक सिनेमाबाहेरचं. भरवताना मान मागे नको हे तुम्ही बरोबर लिहिलंय. हनुवटी थोडी खाली, आणि भरवून झाल्यावर अर्धा तास तरी बसलेलंच ठेवा.

फिरकी :
'क्रॉनिक'ला कानमध्ये पटकथेचं पारितोषिक होतं. शेवटाबद्दल सहमत.

जागरण, आत्ताच्या तुमच्या परिस्थितीत एकच बघणार असाल तर 'अ सिम्पल लाइफ', हाँगकाँगचा, अ‍ॅन हुई, २०११. एका कुटुंबात साठ वर्षं काम केलेली बाई, तिला पक्षाघात होतो, आणि जिला त्या घराने आयुष्यभर कामाला ठेवलं तिचं आता त्या घरातला मुलगा बघतो. तिने त्याला वाढवलेलं असतं. ती स्वतःच म्हणते मला वृद्धाश्रमात ठेव, आणि तो ठेवतो, त्यात कुणी कुणाला पापी म्हणत नाही. वृद्धाश्रम नरक नाही आणि स्वर्गही नाही, पातळ भिंतींच्या खोल्या, घोरणारे शेजारी, उसने पैसे मागणारा एक म्हातारा. त्या बाईचं काम करणाऱ्या डिनी इपला व्हेनिस महोत्सवात सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचं पारितोषिक मिळालं. दोघं एकमेकांची टिंगल करतात, मिठ्या नाहीत. हसायलाही येतं, तिरकस, तुम्हीही बघा.

जागरण :
ठरलं, 'अ सिम्पल लाइफ' आधी. 'अ सेपरेशन' तुकड्या-तुकड्यात बघेन, एकदम दोन तास मिळत नाहीत. 'आमूर' सध्या नाही.

वृद्धाश्रमाबद्दल लिहिलंत ते वाचून बरं वाटलं. सिनेमात एवढं तरी कुणी म्हटलंय, आमच्या घरात तो शब्दच काढायची चोरी आहे. नवरा बरोबर बसणार असेल तर एकत्र बघेन, तो साधारण पंधराव्या मिनिटाला फोन काढतो पण बघू.

नाइटशिफ्ट ताई, अर्धा तास नोंद केली, मी दहा मिनिटांत आडवं करत होते. अजून एक विचारायचंय, पाणी पिताना जास्त ठसका लागतो आणि घट्ट पदार्थाला कमी, असं का? त्याचा वेगळा धागा काढते, इथे नको.